लकव्यानंतर विसरायला लागलेत आणि नाडी अनियमित आहे, मग घरी काय काय करायचं

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. तिकिटाचे टप्पे, सुट्टे पैसे, कुठल्या गाडीला कुठे क्रॉसिंग, सगळं तोंडपाठ. लकवा झाला तेव्हा उजवा हात गेला होता, तो दोन-अडीच महिन्यांत बराच परत आला, बोलणं पण आलं, येणारा प्रत्येक जण म्हणायचा थोडक्यात वाचले. आणि मग एका महिन्याच्या पहिल्या तारखेला दूधवाल्याचा हिशोब करायला वही घेऊन बसले ते पाऊण तास बसूनच राहिले, शेवटी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, तूच बघ गं, मला काय लागत नाही. तीस दिवस, दीड लिटर, दोन दिवस खाडे, एवढाच हिशोब होता.

घरात सगळे म्हणाले वय झालं, मी पण म्हणाले. ते म्हणायला नको होतं असं आता वाटतं, कारण डिस्चार्जच्या कागदावर दुसऱ्या पानावर एक ओळ होती, ए.एफ., आणि ती ओळ आम्ही कोणीच नीट वाचली नव्हती. मी डॉक्टर नाही. गेली चार वर्षं हे घरात करतेय, डॉक्टरांना विचारून विचारून आणि वाचून जे कळलं ते इथे लिहितेय, ज्यांच्या घरात लकवा झालेलं माणूस आहे आणि हळूहळू विसरायला लागलंय त्यांच्यासाठी. गोळी सुरू करणं, बंद करणं, बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच.

आधी हे कळू दे की हृदयाचा आणि विसरण्याचा संबंध काय

ए.एफ. म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळायच्या ऐवजी नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवीसारखी जागा असते तिथे रक्त साचून राहतं, साचलं की गुठळी होते, गुठळी सुटली की रक्ताबरोबर सरळ मेंदूकडे जाऊ शकते. ए.एफ. असेल तर लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, हे अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून १९९१ ला पुढे आलं आणि आजही डॉक्टर हाच आकडा सांगतात.

आता मोठी गुठळी गेली तर हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, सगळ्यांना दिसतं. बारीक गुठळी गेली तर कोणालाच काही दिसत नाही. माणूस जेवतो, टीव्ही बघतो, झोपतो, आणि मेंदूत एक छोटा डाग वाढलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये ए.एफ. असलेल्या १७०० पेक्षा जास्त लोकांचे एमआरआय काढले होते, २०१९ मध्ये ते छापून आलं, तर ज्यांना आयुष्यात कधी लकवा झाला नव्हता अशा लोकांच्या मेंदूत पण असे डाग सापडले, आणि ज्यांना डाग होते त्यांचे बुद्धीच्या चाचणीतले मार्क कमी होते. त्याशिवाय ठोके वेडेवाकडे पडले की मेंदूला रक्त एकसारखं पोचत नाही, आणि बीपी, शुगर हे तर दोन्हीकडून नुकसान करतात. लकवा होऊन गेलेल्या माणसाला वर ए.एफ. पण असेल तर बुद्धी मंदावण्याचा धोका जवळपास २.७ पट दिसला, हे २०१३ साली बरेच अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे.

एक आकडा मी फ्रिजवर लिहून ठेवलाय. पहिल्या लकव्यानंतर साधारण दहातल्या एकाला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो, पुन्हा झटका आला की तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांना. म्हणजे अण्णांची आठवण टिकवायची असेल तर बदाम आणि ब्राह्मीच्या आधी दुसरा झटका अडवायचा.

नाडी बघायला शिका, घरातल्या दोघांनी तरी

तळहात वर, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर आपली दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही ठेवायचा कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार इथे चालत नाही कारण आपल्याला आकड्यापेक्षा ठेका बघायचाय. भजनात टाळ वाजतात तेव्हा लय हळू असो जलद असो, पुढचा टाळ कधी पडणार हे आपल्याला कळतं. ए.एफ. मध्ये ते कळतच नाही, दोन पटकन, मग थांबलं, मग एक जोरात, मग तीन हलके, असं. अधूनमधून एखादा ठोका चुकणं हे वेगळं, ते बऱ्याच जणांना होतं, पण असा ठेकाच नसेल तर त्याच दिवशी जाऊन ईसीजी काढून घ्या.

डिजिटल बीपी मशीनवर बऱ्याचदा अनियमित ठोक्यांचं छोटं चिन्ह येतं, ते आलं की मशीन बिघडलं असं समजून दुर्लक्ष करू नका, आम्ही केलं होतं. आणि ए.एफ. असताना बीपी एकदा घेऊन उपयोग नाही, आकडे खालीवर येतात, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने तीनदा घ्यायचं आणि सरासरी लिहायची. मुलांनी घेऊन दिलेलं घड्याळ असेल आणि त्यात ईसीजी निघत असेल तर ती पट्टी डॉक्टरांना दाखवा, घड्याळाच्या सांगण्यावरून घरी काही ठरवू नका.

ज्यांच्या घरी लकवा झाला पण कारण सापडलं नाही असं सांगितलंय त्यांनी हे नक्की वाचा. ए.एफ. येतं आणि जातं. दवाखान्यात काढलेला ईसीजी दहा सेकंदाचा असतो, तेव्हा ठोके सरळ असले तर कागद नॉर्मलच येणार. २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगाला लावून ठोके नोंदवत राहणारं छोटं मशीन, ते सुद्धा पुष्कळदा कमी पडतं. कॅनडात कारण न सापडलेल्या ५५ वर्षांवरच्या पेशंटना ३० दिवस पट्टा लावून बघितलं तर १६ टक्क्यांमध्ये ए.एफ. सापडलं, पुन्हा एकदा २४ तासांचंच होल्टर लावलेल्यांमध्ये फक्त ३ टक्के, २०१४ चं आहे हे. तेव्हा विचारायचं की डॉक्टर, अजून जास्त दिवस मॉनिटर लावता येईल का. हे विचारण्यात काही चुकीचं नाही.

गोळी कुठली चालू आहे ते स्ट्रिप हातात घेऊन बघा

इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. आमच्याकडे पहिले काही महिने अण्णांना फक्त अ‍ॅस्पिरिन चालू होती, आणि आम्ही सगळ्यांना सांगत होतो की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ह्या प्लेटलेटवर (रक्तातल्या एकमेकांना चिकटणाऱ्या बारीक कणांवर) काम करणाऱ्या गोळ्या. ए.एफ. मध्ये कप्प्यात होणारी गुठळी अडवायला वेगळा गट लागतो, वॉरफरिन, अ‍ॅसिट्रॉम, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन हे. ज्यांना वॉरफरिन चालत नाही अशा लोकांमध्ये अ‍ॅपिक्साबॅन आणि अ‍ॅस्पिरिन समोरासमोर ठेवून बघितलं होतं, २०११ साली, अ‍ॅपिक्साबॅनने लकवे निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव साधारण सारखाच. डॉक्टर लकव्याच्या धोक्याचा जो स्कोअर काढतात त्यात आधी लकवा झालेला असणं यालाच २ गुण मिळतात, म्हणजे ए.एफ. अधिक लकवा असेल तर ह्या गटातली गोळी का नाही हे विचारायला पाहिजेच. कधीकधी खरं कारण असतं, मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, किंवा लकवा मोठा असतो म्हणून डॉक्टर थोडे दिवस थांबतात. पण कारण कळलं पाहिजे.

ह्या गोळ्यांनी विसरणं थांबतं का? स्वीडनमध्ये ए.एफ. च्या ४ लाख ४४ हजार लोकांच्या नोंदी बघितल्या, २०१८ ला आलं ते, त्यात सुरुवातीपासून गोळी घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया २९ टक्क्यांनी कमी दिसला. आता जे लोक गोळी घेतात ते एरवी पण जास्त काळजी घेणारे असू शकतात, म्हणून हा पक्का पुरावा म्हणता येत नाही. पण लकवा अडवते हे पक्कं आहे, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम असेल तर आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, बहुतेकांना २ ते ३ च्या मध्ये ठेवतात, कृत्रिम झडप असेल तर वेगळं. पालक, मेथी, शेपू, कोबी ह्यात के व्हिटॅमिन असतं ते गोळीच्या उलट काम करतं, म्हणून बरेच जण पालेभाज्याच बंद करतात. बंद नाही करायच्या, दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खायच्या. श्रावणात रोज पालेभाजी आणि नंतर महिनाभर काहीच नाही असं केलं की आयएनआर हलतो. वरच्या यादीतल्या शेवटच्या तीन नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही, आयएनआर पण नाही, आणि पेटंट संपल्यापासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात. पण लहानपणी सांधेताप होऊन झडप आखडली असेल, जे आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहे, तर वॉरफरिनच्या गटातलीच गोळी द्यावी लागते, तिथे २०२२ च्या मोठ्या अभ्यासात रिव्हारोक्साबॅन कमी पडली. तेव्हा शेजारच्या काकांची गोळी चांगली म्हणून आपण बदलायची नाही.

रिव्हारोक्साबॅन जेवणाबरोबरच घ्यायची, नाहीतर नीट लागू होत नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात घालायची नाही आणि आधी काढून डब्यात पण ठेवायची नाही, ओल लागते. अ‍ॅपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा. ह्या गोळ्यांचा असर एका दिवसात उतरतो, म्हणजे दोन दिवस गोळी संपली होती म्हणजे दोन दिवस माणूस उघडा होता. एक चुकली तर काय करायचं हे प्रत्येक गोळीचं वेगळं आहे, डॉक्टरांकडून लिहून घ्या, पण दोन एकदम कधीच द्यायच्या नाहीत. किडनीची तपासणी वर्षातून एकदा तरी, वय जास्त असेल तर अजून लवकर, कारण डोस त्यावर असतो. दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, पॅरासिटामॉल बरी, ती पण विचारून. काढे, जडीबुटीचं काही चालू असेल तर लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू देत.

विसरणाऱ्या माणसाला गोळी आठवायला सांगायचं नाही

हे मला कळायला सगळ्यात उशीर लागला. गोळी चुकली की गुठळी, गुठळीने डाग, डागाने विसरणं, आणि विसरल्यामुळे परत गोळी चुकते. मी रोज विचारायचे, अण्णा गोळी घेतली का, ते म्हणायचे घेतली. खोटं नव्हते बोलत, त्यांना खरंच घेतल्यासारखं वाटायचं, कदाचित कालची आठवत असेल. एकदा कपाट आवरताना सहा गोळ्या सापडल्या.

तेव्हापासून विचारणं बंद, बघणं सुरू. सात दिवसांचा सकाळ-रात्रीचा डबा, रविवारी भरते, अण्णा समोर बसून स्वतः टाकतात आणि मी तपासते, कारण सगळं हातातून काढून घेतलं की माणूस खचतं. डॅबिगॅट्रान असेल तर स्ट्रिपवरच पेनाने तारीख लिहायची. गोळी घड्याळाला नाही तर रोजच्या गोष्टीला बांधायची, आमच्याकडे सकाळी चहा झाला की आणि रात्री भाकरीचा पहिला घास खाल्ला की. मोबाईलचा अलार्म माझ्या फोनवर आहे, त्यांच्या नाही. नवीन स्ट्रिपा संपायच्या आठ दिवस आधी आणायच्या, जनऔषधी केंद्रात काही मिळतात, तिथे आधी फोन करून विचारा. गावाला जत्रेला जाताना चार दिवस जास्तीच्या. आणि मी माहेरी गेले तर कोण बघणार ते नाव घेऊन ठरवायचं, सगळे बघतील म्हटलं की कोणीच बघत नाही.

काय विसरतात ते नीट बघा

लकव्यानंतरचं विसरणं हे आपण सिनेमात बघतो तसं नसतं, की माणूस मुलाला ओळखत नाही. सुरुवात बहुतेक वेळा वेग कमी होण्यापासून होते. उत्तर बरोबर देतात पण उशिरा. दोन कामं एकदम जमत नाहीत. पायऱ्यांची कामं बिघडतात, अण्णा चहा करायला गेले तर आधी दूध तापवलं, मग पावडर शोधत बसले, गॅस चालूच. नावं आणि जुन्या आठवणी एकदम पक्क्या, १९७२ च्या दुष्काळातल्या गोष्टी ते तासभर सांगतात, म्हणून पाहुण्यांना वाटतं ह्यांना काय झालंय, चांगले तर आहेत. घरच्यांचं म्हणणं मग कोणी मानत नाही. त्यासाठी तारीख घालून लिहून ठेवायचं, काय जमलं नाही ते.

लकव्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी एकदा बुद्धीची रीतसर तपासणी करून घ्या आणि मग वर्षाला एकदा. मोका नावाची ३० मार्कांची चाचणी असते, दहा-पंधरा मिनिटांची. आपल्या भाषेत, चष्मा लावून, कानाचं मशीन असेल तर ते लावून. शिक्षण किती झालंय ते सांगा, चौथी शिकलेल्या आजीला आणि पदवीधराला एकच पट्टी लावली तर आजी विनाकारण नापास होते. लकव्याने शब्द सापडत नसतील तर ते पण आधी सांगायचं, बोलता न येणं म्हणजे समजत नाही असं नाही.

आणि डिमेन्शिया म्हणून सोडून द्यायच्या आधी सुधारण्यासारखं काय आहे ते शोधा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, ते हुबेहूब विसरण्यासारखं दिसतं, नुसतं भिंतीकडे बघत बसतात, आणि त्यावर औषध आहे. बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासा. थायरॉइड वाढलेलं असेल तर ए.एफ. पण त्यानेच होऊ शकतं, आणि ठोक्यांसाठी देतात त्या अमिओडारोनने थायरॉइड बिघडू शकतं, म्हणून ती चालू असेल तर तपासणी ठरलेल्या वेळी करायचीच. जोरात घोरतात आणि मध्येच श्वास थांबतो का बघा, त्याने ठोकेही बिघडतात आणि डोकंही. झोपेसाठी अल्प्राझोलाम, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, लघवीसाठीच्या काही गोळ्या, ह्यांनी म्हातारं माणूस अजून गोंधळतं, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता.

एक फरक लक्षात ठेवा. महिन्या-महिन्याने कमी होणं वेगळं आणि कालपर्यंत नीट असलेलं माणूस आज भलतंच बरळणं वेगळं. अचानक झालं तर लघवीचा संसर्ग, सोडियम कमी, नवा झटका किंवा डोक्यात रक्तस्राव, काहीही असू शकतं, त्याच दिवशी न्यायचं.

झटका आला असं वाटलं तर

तोल गेला, डोळ्यापुढे अंधारलं, तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, ह्यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८. घड्याळ बघून वेळ लिहा, शेवटचं नीट कधी बघितलं होतं ती वेळ. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर शेवटची गोळी कधी घेतली त्यावर ते ठरतं, म्हणून स्ट्रिपांचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. काही पेशंटची मोठी गुठळी नळी घालून २४ तासांपर्यंत काढता येते, म्हणून उशीर झाला आता काय म्हणून घरी बसू नका. तोंडात पाणी, अ‍ॅस्पिरिन काही घालायचं नाही, रक्तस्राव असेल तर अजून बिघडेल. आणि रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेलं माणूस डोक्यावर पडलं तर वरून टेंगूळ पण नसलं तरी सीटी स्कॅन.

बाकीचं

बीपी साधारण १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांचा आकडा विचारून घ्या. पापड, लोणचं, फरसाण कमी. दारू आणि तंबाखू बंद, ह्यात मध्यममार्ग नाही, दारूने ए.एफ. परत परत येतं. ठोके सरळ करायचे उपाय आहेत, औषधं, शॉक, अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातली ठोके बिघडवणारी जागा निकामी करणं), आणि ए.एफ. नुकतंच सापडलं असेल तर लवकर विचारलेलं बरं, २०२० च्या युरोपातल्या अभ्यासात पहिल्या वर्षातच ठोके सरळ ठेवायचा प्रयत्न केलेल्यांना लकवा आणि हृदयाचा त्रास कमी झाला, बुद्धीत मात्र दोन वर्षांत फरक दिसला नाही. अ‍ॅब्लेशन झालं म्हणजे गोळी सुटली असं नाही. हृदयाचे डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर एकमेकांशी बोलतीलच असं धरू नका, फाइल एकच ठेवा आणि दोघांना तीच दाखवा.

बँकेत जॉइंट नाव, सह्या, कागदपत्रं, हे त्यांना सगळं नीट समजतंय तोवर त्यांच्याशी बसून बोलून करा. मला हे बोलायला फार जड गेलं. अण्णांनीच सोपं केलं, म्हणाले, ड्युटी संपली की कॅश भरूनच घरी जायचं असतं.

मोबाईलवरचे मेंदूचे खेळ अण्णांनी दोन दिवसांत सोडले. आता रोज संध्याकाळी चालत जाऊन तीन वस्तू आणायच्या, चिठ्ठीवर लिहून देते, पैसे मोजून परत द्यायचे. चालणं होतं आणि हिशोब पण. वहीत पाच रकाने केलेत, नाडी, बीपी, गोळी चुकली का, काय जमलं नाही, काय जमलं. मागच्या एक तारखेला शेवटच्या रकान्यात लिहिलंय, दुधाचा हिशोब, २० मिनिटं, एक खाडा मोजायचा राहिला होता तो स्वतःच सापडला.